ओपनडब्ल्यूआरटीवाला छोटा राउटर: अंबड ते इंदिरानगर, आठ महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. पाचवा कशासाठी कापला ते गौरीजेवणाच्या दिवसाचा किस्सा वाचलात की कळेल. आणि ज्यांना फक्त घरात वायफाय हवंय, पोरांचे व्हिडिओ आणि टीव्ही चालला की झालं, त्यांनी हे घेऊच नका, इंटरनेटच्या लाइनवाल्याने दिलेला डबाच बरा, खरंच सांगतोय.

आमची अंबड एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, कंपनी म्हणजे काय तर एक गाळा, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन) आणि जॉबवर्क. मशीनचं सगळं काका बघतात, पार्टी आणि पेमेंट पप्पा बघतात, आणि ज्याला वायर आहे पण कूलंट नाही ते सगळं माझ्याकडे. अकाउंटवाल्या ताई नाशिकरोडला राहतात, मुलगी लहान आहे म्हणून आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात, आणि टॅली आहे ऑफिसच्या पीसीवर. आतापर्यंत काय होतं तर जुन्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून पीसी चालवायचा, पोर्ट (दार) सरळ जगाला उघडा ठेवलेला, कुणीतरी पाच वर्षांपूर्वी करून दिलेलं आणि चालतंय ना मग हात कशाला लावा असा कारभार. मागच्या जानेवारीत शेजारच्या गाळ्यातल्या पीसीवरच्या सगळ्या फाइली एका रात्रीत लॉक झाल्या आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. मी आमच्या पीसीचा लॉग उघडून बघितला तर रात्रभर कुठले कुठले लोक अॅडमिन, अॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट अशी नावं टाकून दार वाजवत होते, शेकड्यांनी. त्याच दिवशी तो पोर्ट बंद केला आणि ताईंना म्हटलं, आठवडाभर रोज यावं लागेल. आठवड्याचे तीन आठवडे झाले ती गोष्ट वेगळी.

घेतले काय तर दोन सारखेच छोटे राउटर, एक कंपनीत एक घरी, दोन्ही मिळून नऊ हजारांच्या आसपास. पत्त्यांच्या दोन कॅट शेजारी ठेवल्या तर जेवढं होईल तेवढाच डबा, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू डब्यापेक्षा आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, ओपनडब्ल्यूआरटी नावाच्या लिनक्सचा आहे. तुम्ही घेताना एवढंच करा, ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर हार्डवेअरची यादी आहे, त्यात तुमचं मॉडेल व्हर्जन नंबरसकट बघा, कारण एकाच नावाच्या राउटरचा व्ही१ चालतो आणि व्ही२ मध्ये चिपच वेगळी निघते असं सर्रास होतं. बॉक्सखालचा स्टिकर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एम.जी. रोडवरच्या दुकानदाराने मला बिचाऱ्याने चार खोके उलटे करून वाचू दिले, तेवढ्यासाठी त्याला वेगळे पाच स्टार. आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाला जुना कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्यावर आताच्या आवृत्त्या बसत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरसाठीचं लिनक्स, २००४ पासून चालू आहे. त्या आधीच्या वर्षी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा कोड लायसन्समुळे खुला झाला, त्यातून हे निघालं, नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. व्हीपीएनसाठी, म्हणजे इंटरनेटमधूनच दोन ठिकाणांना जोडणाऱ्या कुलूपबंद खासगी बोगद्यासाठी (टनेल म्हणतात तो हाच), मी वायरगार्ड टाकलं, जे मार्च २०२० च्या ५.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे गाभा) लिनक्समध्येच आहे. सेटिंग एवढंसं की पहिल्यांदा वाटतं काहीतरी राहिलंय. दोन्ही बाजूंना एक-एक चावी, एकमेकांची पब्लिक चावी, पत्ता, पोर्ट, संपलं. पण सेटिंग एवढुसं असलं म्हणजे अडचण पण एवढुशी असते असं नाही ना.

पहिला आठवडा नुसता लाइनवाल्याशी भांडण्यात गेला. कंपनीतला राउटर तयार, पोर्ट ५१८२० उघडा, मोबाईल डेटावरून फोन जोडतोय तर काहीच नाही. लाइनवाला म्हणे, "सर, आमच्याकडून सगळं ओपन आहे, तुमच्या राउटरमध्येच प्रॉब्लेम आहे." आता वायरगार्डची एक खोड आहे, खोड म्हणजे गुणच तो, चावी चुकीची असेल तर ते नाही सुद्धा म्हणत नाही, गप्प बसतं. त्यामुळे आपल्याला कळतच नाही की समोर कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करतंय की मुळात आवाजच पोचत नाहीये. मग येणारंजाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प टाकलं, वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पोर्टवर लावून बसलो, फोनवरून दहा वेळा जोडलं, स्क्रीनवर एक ओळ नाही आली. म्हणजे पॅकेट माझ्या दारापर्यंतच येत नव्हतं. मग स्टेटसचं पान नीट बघितलं, तर वॅनचा आयपी १००.७२ ने सुरू होणारा, आणि बाहेरच्या साइटवर माझा आयपी कुठला ते बघितलं तर तिथे भलताच. झालं, सीजीनॅट, म्हणजे लाइनवाला खूप ग्राहकांना मिळून बाहेर एकच आयपी देतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा सगळा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवलाय. सोसायटीत दोनशे फ्लॅट पण गेटवर एकच पत्ता, आणि वॉचमनकडे कुणाचं नाव लिहिलेलं नाही, बाहेर जाणाऱ्याला सोडतो, येणाऱ्याला परत पाठवतो. लाइनवाल्याला ते दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले तेव्हा म्हणाला, "हा मग सर तुम्हाला स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल." हेच पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? वर्षाचे पैसे भरले, दोन दिवसांत आयपी आला, फोन पहिल्या झटक्यात जोडला. घरची लाइन मात्र अजून सीजीनॅटमध्येच आहे आणि त्याने काही बिघडत नाही, कारण घरचा राउटर बाहेर फोन लावतो, त्याला कुणी लावत नाही. फक्त कीपअलाइव्ह नावाच्या सेटिंगमध्ये २५ टाकायचं, म्हणजे दर २५ सेकंदाला एक टिचकी जाते आणि वाट मोकळी राहते.

त्यानंतरची चूक शंभर टक्के माझी. घरी १९२.१६८.१, कंपनीत १९२.१६८.१, आणि ताईंच्या घरीही तेच. टनेल जोडलेला, हँडशेक (दोन्ही टोकांची चावी जुळवून ओळख) झालेला, आणि ताई टॅलीच्या पीसीचा पत्ता टाकतायत तर त्यांच्याच घरातला प्रिंटर उत्तर देतोय. एकाच नावाची दोन घरं झाल्यावर पोस्टमन जवळच्याच घरी जाणार. कंपनीचं नेटवर्क बदलून १९२.१६८.४७ केलं, आकडा कुठलाही घ्या पण ० आणि १ नको. हे वाचायला दोन मिनिटं लागतात, पण आमच्याकडे कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला फिक्स आयपी, बिलिंग प्रिंटरला फिक्स आयपी, आणि व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या पीसीला पण फिक्स आयपी, जो कुणी दिला कुणाला आठवत नाही. काकांचा जॉब टेबलवर बांधलेला आणि प्रोग्रॅम जाईना. "तुझं ते इंटरनेट तिकडे ऑफिसात कर, माझ्या मशीनला हात लावू नको" असं सगळ्या ऑपरेटरसमोर ऐकून घेतलं. तर हे काम रविवारी करा.

फायरवॉलबद्दल, म्हणजे कोण आत-बाहेर जाईल ते ठरवणाऱ्या पहाऱ्याबद्दल, माझं मत चांगलं आहे. झोनची कल्पना एकदा डोक्यात बसली की सोपं, लॅन म्हणजे आतलं नेटवर्क एक झोन, वॅन एक झोन, व्हीपीएनसाठी तिसरा झोन करायचा आणि कुणी कुणाकडे जायचं ते ठरवायचं. वॅनकडून आत येणारं मुळातच बंद असतं, आपण फक्त ५१८२० यूडीपी उघडायचा, रिमोट डेस्कटॉप बाहेरून दिसतच नाही. मी विसरलो होतो ते म्हणजे व्हीपीएन झोनमधून लॅनकडे फॉरवर्ड, त्यामुळे राउटरला पिंग (आहेस का, अशी हाक) जात होतं आणि त्याच्या मागच्या कशालाच नाही. ते केलं, डीव्हीआर दिसायला लागला, प्रिंटर दिसला, टॅलीचा पीसी नाही. अख्खा रविवार राउटरवर घालवला, नियम काढले, घातले, एकदा तर सगळं उघडं टाकून बघितलं. संध्याकाळी पीसीसमोर जाऊन बसलो तेव्हा कळलं की विंडोजचा स्वतःचा फायरवॉल आपल्याच सबनेटवरून, म्हणजे आपल्याच पत्त्यांच्या पट्ट्यातून आलेल्या पिंगला उत्तर देतो, बाहेरच्या सबनेटला नाही, आणि रिमोट डेस्कटॉपचा नियम पण मीच कधीतरी फक्त लोकल सबनेटपुरता करून ठेवलेला. टनेलमधून येणारा माणूस त्याच्या दृष्टीने परकाच ना. एक जादा नियम आणि काम झालं. अजून एक, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून आयपीटेबल्सच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फायरवॉल नियमांच्या ओळी चिकटवू नका. २२.०३ आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीचा फायरवॉल एनएफटेबल्सवर गेलाय, त्या ओळी एकतर चालत नाहीत नाहीतर चालल्यासारख्या वाटतात, आणि दुसरं जास्त वाईट.

मग ताईंचं. त्यांच्याकडे घरी वाय-फाय गेलं की त्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतात, आणि हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडलं जायचं, पिंग जायचं, पासवर्ड टाकला की काळी स्क्रीन. तासभर काळी. मला वाटलं लॅपटॉप जुना. फोनवर त्यांच्याकडून साइझ देऊन पिंग करून घेतलं, तुकडे करू नको असं सांगून, तर १२०० चं पॅकेट जातंय आणि १३५० चं अडकतंय. वायरगार्ड मुळात १४२० चं पॅकेट धरून चालतं, वरून स्वतःचं पाकीट चढवतं, आयपीव्ही४ वर ६० बाइट आणि आयपीव्ही६ वर ८०, आणि मोबाईल नेटवर्कची वाट त्याहून अरुंद निघाली. छोटी पाकिटं पार, मोठी मधेच गायब, आणि पासवर्ड छोटा असतो पण स्क्रीनचं चित्र मोठं. दोन्ही बाजूंना एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटचं माप) १२८० केला, झोनमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगची (त्या मापात बसतील एवढीच पॅकेटं करायला लावणारी) टिक टाकली. ताई म्हणाल्या, "दादा, एवढंच होतं तर तीन दिवस मला रिक्षाने का बोलावलं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आता गौरीजेवण. २९ जुलैला, नागपंचमीच्या सुट्टीत, मी घरी बसून हुशारी केली. म्हटलं कंपनीतल्या मशीन आयपीने कशाला, नावाने दिसल्या पाहिजेत, म्हणून घरच्या राउटरचा सगळा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) टनेलमधून कंपनीच्या राउटरकडे वळवला. मस्त चाललं महिनाभर. घरी इन्व्हर्टर आहे त्यामुळे त्या महिन्यात राउटर एकदाही बंद पडला नाही, हे महत्त्वाचं. १ सप्टेंबरला घरी गौरीजेवण, वीस-बावीस माणसं, पाऊस, दुपारी लाइट गेली ती चार तास, इन्व्हर्टरने मान टाकली. लाइट आली, सगळं चालू झालं, इंटरनेट नाही. आत्याच्या नातवाचं कार्टून बंद, मामांची क्रिकेटची मॅच बंद, आणि सगळे माझ्याकडे बघतायत, मी पुरणपोळीचं ताट हातात घेऊन राउटरसमोर.

बघितलं तर ८.८.८.८ ला पिंग जातंय. म्हणजे लाइन आहे. पण कुठलंही नाव टाकलं की नाही. अरे हां, डीएनएस टनेलमधून आहे, म्हणजे टनेल पडलाय. वायरगार्डची स्थिती दाखवणारं डब्ल्यूजी शो केलं तर पाठवलेले बाइट वाढतायत, आलेले शून्य, हँडशेकची ओळच नाही. पहिला संशय कंपनीवर, तिकडेही लाइट गेली असेल. पण माझ्या फोनची वेगळी चावी आहे, मोबाईल डेटावर फोनवरून व्हीपीएन लावलं तर लगेच जोडलं. फोनवरूनच कंपनीच्या राउटरमध्ये शिरून टीसीपीडम्प लावला, तर घरच्या राउटरची पॅकेटं तिथे पोचतायत, दर पाच सेकंदाला एक, आणि कंपनीचा राउटर ढिम्म. तीच चावी, तेच सेटिंग, सकाळी चालत होतं. फोनला उत्तर देतोय, घराला नाही. इथे माझी अर्धा तास मती गुंग झाली, पोळी गार झाली, आई दोनदा हाक मारून गेली.

सापडलं ते निव्वळ लॉगरीड, म्हणजे राउटरचा लॉग वाचताना. सगळ्या ओळींवर तारीख २९ जुलै. आमचा राउटर नागपंचमीतच बसलेला! झालं असं की या डब्यात घड्याळाला सेलच नाही. लाइट गेली की वेळ गेली. उठल्यावर ओपनडब्ल्यूआरटी सेटिंगच्या फोल्डरमधली सगळ्यात नवीन फाइल कुठल्या तारखेची ते बघतं आणि तीच वेळ धरून चालतं, म्हणजे मी शेवटचा हात लावला तो दिवस. मग इंटरनेटवरून खरी वेळ विचारून दुरुस्त करतं. एरवी हे अर्ध्या मिनिटात होतं आणि कुणाला कळतही नाही. पण वेळ विचारायच्या सर्व्हरचं नाव आहे, नाव शोधायला डीएनएस हवा, डीएनएस टनेलमधून, आणि टनेल काही उठेना, कारण वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का मारतं आणि समोरचा त्या चावीचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो, त्याहून जुना आला की शिळी पाकिटं कुणी परत पाठवतंय असं समजून गुपचूप टाकून देतो. बरोबरच आहे त्याचं. आज सकाळी १ सप्टेंबरचा शिक्का बघितलेला माणूस दुपारी २९ जुलैचा कसा घेईल? फोनचं घड्याळ बरोबर म्हणून फोन आत, घरचं चूक म्हणून घर बाहेर. वेळ नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून वेळ नाही.

हाताने तारीख टाकली, एंटर मारलं, पाच सेकंदात हँडशेक. आतून कार्टूनचा आवाज. दुसऱ्या दिवशी नीट केलं, आता फक्त कंपनीच्या आतल्या नावांपुरता डीएनएस टनेलमधून जातो, बाकी सगळं सरळ लाइनवाल्याकडून, आणि वेळेच्या सर्व्हरमध्ये एक नावाऐवजी आयपीने टाकून ठेवलाय. चूक माझीच होती हे मान्य. पण दीडशे रुपयांच्या भिंतीवरच्या घड्याळाला सेल असतो आणि साडेचार हजारांच्या राउटरला नाही, म्हणून एक स्टार कापला तो कापलाच.

अपग्रेडचं थोडक्यात. नवीन आवृत्ती टाकताना सेटिंग ठेवा अशी टिक असते, सेटिंग राहतं, पण आपण वरून टाकलेली पॅकेजं राहत नाहीत, वायरगार्ड पण जातं. हे माहीत नसताना मी घरी बसून टनेलमधूनच कंपनीचा राउटर अपग्रेड केला. ज्या फांदीवर बसलो तीच. रात्री साडेदहाला पाथर्डी फाट्यावरून स्कूटर काढली. आपल्या पॅकेजसकट इमेज बनवून देणारी अटेंडेड सिसअपग्रेडची सोय आहे, ती वापरा.

स्पीडची तक्रार नाही, घरची लाइन १०० ची आहे आणि टनेलमधून ८५-९० मिळतं. मे महिन्यात गाळ्याच्या पत्र्याखाली डबा हाताला चटका बसेल एवढा तापत होता, तरी बंद पडला नाही, नंतर ऑफिसच्या केबिनमध्ये हलवला. वायफाय मात्र यथातथाच, गाळ्यात मशीनच्या पलीकडे सिग्नल जातच नाही, म्हणून मी वायफाय जुन्याच राउटरवर ठेवलंय आणि याला फक्त दारवान केलंय. आणि सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदतायत त्यात फायबर तुटली की कुठलाच राउटर काही करू शकत नाही, तेव्हा मागे यूएसबीला फोन लावून काम भागवतो, ती सोय चांगली आहे, पॅकेज तेवढं आधी टाकून ठेवा.

आमच्या सीए साहेबांनी विचारलं होतं, व्हीपीएन म्हणजे बेकायदेशीर ना? नाही. एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे (सरकारची सायबर सुरक्षा बघणारी संस्था) निर्देश, पाच वर्षं ग्राहकांची माहिती ठेवायचे, ते लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहेत, कंपनीच्या स्वतःच्या आतल्या व्हीपीएनसाठी नाहीत, हे त्यांनीच पुढच्या महिन्यातल्या प्रश्नोत्तरांत सांगितलंय.

घ्यायचा का? घरात किंवा कंपनीत एक जण असा असेल ज्याला लॉग वाचायचा कंटाळा नाही, तर डोळे झाकून घ्या. या आठ महिन्यांत डबा स्वतः एकदाही बिघडला नाही, आणि जे काय बिघडलं ते त्याने लपवलं नाही, कुठे ना कुठे एक ओळ लिहिलेली होती, मीच उशिरा वाचली. लाइनवाल्याच्या डब्यावर फक्त लाल लाइट लागतो. असा एक जण नसेल तर मात्र कुणाच्या तरी मेहरबानीवर राहाल, आणि तो माणूस गौरीजेवणाला फोन उचलणार नाही.

एक काम अजून राहिलंय, डीव्हीआरला वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरींवर पण वेगळं नेटवर्क) टाकून त्याचं बाहेर बोलणं बंद करायचंय. ते दिवाळीच्या सुट्टीत करेन, तेव्हा काकांची मशीन बंद असतात.